बघायला कोणी बसायचं नाही

आमच्या बालवाडीतल्या मुलांचा शनिवार ठरलेला असतो. दर शनिवारी चार वाजता पाच-सहा मुलं एकाच्या घरी जमतात आणि सहा वाजता ज्याची त्याने घेऊन जायची. घरं पाळीपाळीने. ज्याच्या घरी मुलं, त्याने त्यांच्याकडे लक्ष द्यायचं, बाकीच्या आईबापांनी तेवढ्यात आपली कामं उरकून घ्यायची. व्यवस्था चांगली आहे. ती चालवते ढब्बूची आई. कोणाचा नंबर कधी, कोणाला काय खायला चालत नाही, कोणाच्या घरी कुत्रा आहे, सगळं तिला तोंडपाठ. माझी बायको तिला मॉनिटर म्हणायची. तोंडावर नाही, घरी.

बायको गेली त्याच्या पुढच्याच शनिवारी आमचा नंबर होता. तो अर्थातच दुसऱ्या घरी गेला. काही आठवड्यांनी फिरून आमचा नंबर आला, तर फोनवरच्या ग्रुपमध्ये आमच्या जागी जुळ्यांचं घर लिहिलेलं. मी मॉनिटरला विचारलं.

"तुम्ही कशाला त्रास घेता?" ती म्हणाली. "टकळीला पाठवत जा, बस. आम्ही आहोत ना."

टकळी म्हणजे माझी मुलगी. पाच वर्षांची आहे. मी आभार मानले. मला वाटलं, माणसं चांगली आहेत. माणसं चांगलीच आहेत, तो प्रश्न नाही.

पण पुढच्या फेरीलाही तेच झालं. टकळीला घरांचा क्रम पाठ होता. ढब्बूच्या घरानंतर आमचं, आमच्यानंतर जुळ्यांचं. एके दिवशी बूट घालता घालता तिने विचारलं, "बाबा, आपला नंबर कधी?"

"आपल्याला सध्या नंबर नाही."

"का? आपण आउट झालो?"

मी बुटाची लेस बांधत राहिलो.

मी सोफे दुरुस्त करतो. गाद्या भरतो, स्प्रिंगा बदलतो, नवीन कापड चढवतो. आमच्या दोन खोल्या. पुढची खोली म्हणजे माझा कारखाना. फोमचे तुकडे, रेक्झिनच्या गुंडाळ्या, सुतळी, वाकड्या सुया. मागच्या खोलीत आम्ही राहतो. बायको होती तेव्हा मुलांना आमच्या घराचं वेड होतं, कारण फोमच्या ढिगावर उड्या मारायला दुसऱ्या कुठल्याच घरी मिळत नाही. तेव्हाही सुया होत्या. तेव्हा कोणाला दिसल्या नव्हत्या.

बायको गेल्यावर टकळी बोलायची थांबली. तिला टकळी म्हणायचो ते उगाच नाही, सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायची. ते बंद झालं. हो, नाही, भूक नाही, एवढंच. मी तिला काही विचारलं नाही. मी स्वतःच कोणाशी बोलत नव्हतो. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो आणि ताटांचा आवाज ऐकायचो. मग हळूहळू शनिवारी परत येताना ती वाटेत दोन वाक्यं बोलायला लागली, मग चार. मला वाटलं, शनिवार लागू पडतोय. का लागू पडतोय हे मी विचारलं नाही.

ते मला ढब्बूच्या घरी कळलं.

मी सहाला न्यायला गेलो तेव्हा टकळी पॅसेजमधल्या स्टुलावर बूट घालून, पाठीला पिशवी लावून बसली होती. बाकीची मुलं दिसत नव्हती. आतून ढब्बूच्या रडण्याचा आवाज येत होता.

"जरा बसा ना," मॉनिटर म्हणाली.

हॉलमध्ये जुळ्यांचे वडील बसले होते. ते दातांचे डॉक्टर. मी सोफ्याच्या कडेला टेकलो. टकळी पॅसेजमध्येच राहिली.

"ती काय खेळते, तुम्हाला माहीत आहे?" मॉनिटरने आवाज खाली आणून विचारलं.

"नाही."

"मेलेली आई खेळते."

डॉक्टर पुढे सरकले.

"एकाला झोपवते, वर चादर टाकते. म्हणते, ही आई, ही गेली. मग बाकीच्यांना कामं वाटून देते. एकाने फोन उचलायचा, एकाने डबा घेऊन यायचं. मी आत आलो तर माझी एक मुलगी चादरीखाली आणि दुसरी कपाटातले कपडे काढून जमिनीवर ढीग लावतेय. मला काय वाटलं असेल?"

खरं सांगतो, मला हसू येत होतं. बायको गेल्यावर तिचं कपाट आमच्याकडे माझ्या मेहुणीने काढलं होतं. फोन शेजारची मुलगी घेत होती. पोरीने एकही माणूस सोडला नव्हता.

"आणि ढब्बू का रडतोय?" मी विचारलं.

"घाबरलाय तो," मॉनिटर म्हणाली. "घाबरणार नाही तर काय?"

आतून ढब्बू ओरडला, "माझा नंबरच नाही आला! सगळे मेले, मी एकदाही नाही मेलो!"

मॉनिटरने उठून आतलं दार लावलं. परत येऊन बसली आणि पदराशी खेळत म्हणाली, "म्हणून म्हणते, थोडे शनिवार राहू द्या. तिला कोणाला तरी दाखवा. ती बरी झाली की आहेच की."

"तिला काय झालंय?"

डॉक्टर घड्याळाकडे बघू लागले.

"आणि आमचा नंबर?" मी विचारलं. "घराचा?"

"तो वेगळा विषय आहे हो. तुमच्याकडे सुया, कात्र्या. आणि घरात कोणी बाईमाणूस नाही. तुम्ही गैरसमज करून घेऊ नका."

गैरसमज करून घेऊ नका असं लोक म्हणतात तेव्हा मला बरोबर समजलेलं असतं. मी उठलो.

वाटेत टकळी बोलली नाही. एक शब्दही नाही. मागच्या शनिवारी तिने याच रस्त्यावर मला ढब्बूच्या पडलेल्या दाताची सगळी हकीकत सांगितली होती, तो दात कुठे ठेवला आणि कोणी तुडवला इथपर्यंत. आज ती दगडाला पायाने ढकलत चालली होती. ते ताटांचे आवाज मला पुन्हा नको होते.

घरी आल्यावर मी प्रयत्न केला. करायला हवा म्हणून केला.

"दुसरा एखादा खेळ खेळता येईल का?"

"कुठला?"

"दुकान-दुकान."

तिने विचार केला. "त्यात आई कुठे असते?"

"आई दुकानात येते. साबण घेते."

"मेलेली आई दुकानात कशी येईल?" तिने मला असं विचारलं, जसं मलाच काही समजत नाही. मग म्हणाली, "बाबा, तो खेळ पुढे छान आहे. पण पुढे कोणी जाऊच देत नाही. आधीच मोठी माणसं येतात आणि चादर काढतात."

"पुढे काय आहे?"

"ते सांगायचं नसतं. खेळल्यावर कळतं."

मी त्यानंतर तिला दुकान-दुकान सुचवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम बाजूला ठेवून मी ग्रुपवर लिहिलं. मला लिहायची सवय नाही. लिहिलं ते असं: येत्या शनिवारी मुलं आमच्याकडे, चार ते सहा. घरात मी एकटा असेन. सुया, कात्र्या आणि बंदूक कुलपात राहील. टकळी तिचा खेळ खेळेल. ज्यांना पाठवायचं त्यांनी पाठवा.

ग्रुपवर कोणी काहीच लिहिलं नाही. नाहीतर तिथे कोणाला शिंक आली तरी दहा जणांचे अंगठे येतात. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी लिहिलं: बंदूक??

आम्ही कापड ठोकायच्या यंत्राला बंदूकच म्हणतो. आमच्या धंद्यात सगळेच म्हणतात. ते कोणाला वेगळं वाटेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी खुलासा करणार होतो. मग म्हटलं, जाऊ दे. ज्याला सोफेवाल्याकडे बंदूक असेल असं वाटतं, त्याला खुलाशाने काय होणार?

संध्याकाळी मेहुणी हजर. बायकोची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. आत येतानाच सुरू झाली.

"भावोजी, बंदूक काय, बंदूक? ढब्बूच्या आईचा मला फोन. म्हणते, तुमचे भावोजी ठीक आहेत ना?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, आधीपासून असेच आहेत." ती पिशवी खाली ठेवून बसली. "ऐका. शनिवारी मी येते. काही करत नाही, नुसती दारात उभी राहते. मला बघितलं की पाठवतील सगळ्या."

"नको."

"का?"

"तू दारात असलीस की हे घर चांगलं, आणि तू गेलीस की नाही? दर शनिवारी मी दारात बाई कुठून आणून उभी करू?"

"दर शनिवारचं कोण बोलतंय? एकदा सुरू होऊ दे."

"मी या घरात तिला झोपवतो, उठवतो, ताप आला की रात्रभर बसतो. तेव्हा दारात कोणी नसतं. चार ते सहा खेळायलाच कोणी का लागावं?"

मेहुणी म्हणाली, "ताई असती तर म्हणाली असती, एवढं ताणू नका."

"ताई असती तर मॉनिटरची नक्कल करून दाखवली असती."

ती हसली, आणि हसता हसता तिने नाक पुसलं. बहिणीची नक्कल तिनेही पाहिलेली होती.

"बरं, निदान तो खेळ तरी बंद करा," ती म्हणाली. "मी कपाट काढतेय असं दाखवते म्हणे कार्टी. जगभर माझी शोभा."

"काढलंस ना?"

"काढलं. पण ढीग नव्हता लावला. नीट घड्या घातल्या होत्या."

"मग तिला तसं सांग. सुधारून घेईल."

तिने खरंच टकळीला बोलावून सांगितलं. टकळीने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "बरं मावशी. आता घड्या."

"शनिवारी ये," मी मेहुणीला दारापर्यंत सोडताना म्हणालो. "पण खेळायला ये. दारात उभी राहायला नको."

"मला नाही जमायचं ते," ती म्हणाली. चपला घालताना तिचा हात दाराच्या चौकटीवर होता. "तुमची गोष्ट वेगळी. मला नाही जमायचं."

मी तिला आग्रह केला नाही.

शनिवारी सकाळीच मी कारखाना आवरला. धारदार ते सगळं लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं. फोमचे तुकडे खोलीच्या मध्ये रचले. जेवण झाल्यापासून टकळी खिडकीत बसली होती. मला तिच्या केसांच्या वेण्या घालता येत नाहीत, पण त्या दिवशी घातल्या.

चार वाजले. कोणी आलं नाही.

"घड्याळ पुढे असेल," टकळी म्हणाली.

"असेल."

मी सुतळीचं रीळ उगाच उलगडून पुन्हा गुंडाळत होतो. कोणी आलं नाही तर मला तिला सांगावं लागणार होतं की हो, आपण आउट झालो. आणि का, ते सांगावं लागणार होतं. तिची आई मेली आणि ती ते मोठ्याने बोलते म्हणून. मी मनाशी ठरवलं की तसं सांगायची वेळ आली तर मी ते सांगणार नाही. आम्ही दोघंच खेळू. मी मरेन, मीच डबा आणेन.

मग जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. जुळ्यांची आजी, म्हणजे डॉक्टरांची आई, दोन्ही नातींचे हात धरून वर आली.

"घ्या यांना," ती म्हणाली. "तो दवाखान्यात आहे. त्याला सांगितलंय, बागेत नेते. दोघींनी सकाळपासून जीव खाल्ला माझा."

"बसा ना आजी. खेळा थोडं."

"मला नका घेऊ खेळात. मी झोपले तर कोणाला खेळ वाटायचा नाही." आणि खालच्या बाकावर बसते म्हणून सांगून ती कठड्याला धरून उतरू लागली.

ती अर्ध्या जिन्यात असतानाच ढब्बू तिला चुकवून धावत वर आला. मागून मॉनिटर.

"सकाळपासून जेवला नाहीये," ती मला म्हणाली, जणू मीच त्याचं ताट लपवलं होतं. खोलीभर नजर फिरवून तिने पेटीचं कुलूप पाहिलं, मग भिंतीकडची खुर्ची ओढून बसली आणि पर्स मांडीवर घेतली. "मी थांबते इथे."

"थांबा," मी म्हणालो. "पण बघायला कोणी बसायचं नाही. थांबायचं तर खेळायचं."

"हा काय नियम?"

"तुमच्या घरी बूट बाहेर काढायचा नियम आहे. मी काढतो. हा आमच्या घरचा."

हा नियम मी त्याच क्षणी केला होता, पण तो मनात फार दिवस असावा. बायको गेल्यावर कितीतरी माणसं आमच्याकडे बघायला आली होती. मीच शिवलेल्या गाद्यांवर बसून त्यांनी आम्हाला बघितलं. भांडी घासलेली आहेत का, पोरीचे केस विंचरलेले आहेत का, हा रडतो की नाही. आणि जाताना ते जिन्यात बोलत. जिन्यात बोललेलं सगळं आमच्या घरात ऐकू येतं. बरा दिसतो म्हणे. फारच बरा दिसतो, नाही? असं मी खूप ऐकलेलं आहे. माझ्या मुलीनेही ऐकलेलं आहे.

मॉनिटरने दाराकडे पाहिलं.

"आई, खेळ ना," ढब्बू म्हणाला. "नाहीतर जा."

तिने पर्स खुंटीला अडकवली.

टकळीने ढब्बूला फोमवर झोपवलं. एका गिऱ्हाइकाच्या सोफ्याचं उरलेलं मखमली कापड होतं, ते त्याच्यावर डोक्यापर्यंत घातलं.

"मी मेलो?" कापडातून आवाज आला.

"हो. आता बोलायचं नाही."

"श्वास घेऊ?"

"हळू घे."

मग कामं वाटली. एका जुळीने फोन घ्यायचा. दुसरीने कपडे काढायचे, पण घड्या घालून. मॉनिटरच्या हातात टकळीने फोमचा एक चौकोनी तुकडा दिला.

"हा डबा. तुम्ही आणायचा आणि म्हणायचं, परत द्यायची घाई नाही. आणि म्हणताना इकडेतिकडे बघायचं."

मॉनिटरचे कान लाल झाले. डबा तिनेच आणला होता तेव्हा. तो अजून आमच्या फळीवर आहे, घाई नव्हती म्हणून.

"बाबा, तू फ्रिज उघडून उभा राहा."

"किती वेळ?"

"तू खूप वेळ उभा राहतोस."

मी भिंतीला टेकवलेली एक फळी दारासारखी धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे जुळी फोनवर बोलत होती. "हो. हो. आज सकाळी. नाही, काहीच त्रास नाही झाला." मॉनिटर माझ्या बाजूला आली आणि पुटपुटली, "परत द्यायची घाई नाही." तिने इकडेतिकडे मात्र बघितलं नाही.

"बास," टकळी म्हणाली. "आता पुढचं."

मी फळी ठेवली.

"आता एकेकाने आईजवळ बसायचं आणि आज काय काय झालं ते तिला सांगायचं. आईने उत्तर द्यायचं नाही आणि हलायचं नाही. पण आई हसली की ती आउट. मग जो सांगत होता तो पुढची आई."

एवढाच होता तो खेळ. मी मॉनिटरकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. प्रत्येक वेळी कोणीतरी मोठं माणूस आत यायचं, चादर बघून घाबरायचं आणि ओढून काढायचं. पुढचं कोणाला माहीतच नव्हतं.

पहिली जुळी बसली. "आई, आजीने बाबांना खोटंच सांगितलं की बागेत जातो, आणि आम्ही बागेत गेलोच नाही." कापडाखाली ढब्बूचं पोट हललं, पण तो टिकला. दुसरीला काही सुचेना, ती नुसतीच शेजारी बसून राहिली आणि उठली. तेही चालतं, असं टकळीने सांगितलं.

मग मॉनिटरला बसवलं. ती गुडघे मोडून, साडी सावरून खाली बसली. मखमलीची सुरकुती हाताने सारखी करत राहिली.

"आज ढब्बू जेवला नाही," ती शेवटी म्हणाली. "मी त्याला फार बोलले. नको ते बोलले. मग मोरीत जाऊन नळ सोडून बसले."

"खरंच?" कापडातून ढब्बू.

"बोलायचं नाही!" टकळी ओरडली.

मॉनिटर उठली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"बाबा, तू."

मी बसलो. मला असं काही येत नाही. बायको होती तेव्हाही दिवसभराचं बोलायची ती, मी हं म्हणायचो. आता बोलायचं मी, आणि हं म्हणणारी कापडाखाली, तीही गप्प.

"आज वेण्या घातल्या," मी म्हणालो. "एक वर गेली, एक खाली. तिने आरशात बघितलं आणि म्हणाली, चालेल." मी थांबलो, मग पुढे रेटलं. "चार वाजून गेले तरी कोणी येत नव्हतं. मी घाबरलो होतो. मग आले. मॉनिटरपण आली. बघायला बसली होती, तिला खेळायला लावलं."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

कापड हिसके देऊ लागलं. "मॉनिटर!" ढब्बू खदखदून हसत उठून बसला. "आई, तू मॉनिटर!"

मॉनिटर वळली. "मॉनिटर कोण?"

"तुम्ही," मी म्हणालो. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "माझी बायको म्हणायची."

"तोंडावर का नाही म्हणाली कधी?"

"भीत होती तुम्हाला."

"ती?" मॉनिटरने ओठ दाबले. हसू होतं की काय होतं ते मला कळलं नाही. "ती कोणाला भीत होती हो?"

"ढब्बू आउट," टकळीने जाहीर केलं. "बाबा पुढची आई."

मी फोमवर आडवा झालो. कापड माझ्यावर आलं. त्याला नव्या कापडाचा वास होता आणि आतून सगळं लालसर दिसत होतं.

"याचे पाय बाहेर येतायत," एक जुळी म्हणाली.

"राहू दे. ही लांब आई आहे."

फोन, डबा, घड्या असं सगळं पुन्हा झालं. त्यातच जिन्यात जोरात पावलं वाजली आणि डॉक्टरांचा आवाज आला.

"बाग म्हणे! हे काय चाललंय? कोण आहे ते कापडाखाली?"

"बाबा आहे," टकळी म्हणाली. "पण आता आई आहे."

"अहो, उठा. ऐकू येतंय ना? मोठ्या माणसाला शोभतं का हे? पोरींना असलं बघायला लावता?"

मला उठता आलं असतं. उठून कापड बाजूला करून, हात जोडून सगळं समजावून सांगता आलं असतं, की तसं नाही हो, खेळ पुढे असा आहे. बायको गेल्यापासून मी हेच करत आलो. कोणी आलं की उठायचं आणि आम्ही ठीक आहोत हे समजावायचं. मी पडून राहिलो.

"एक मिनिट," मॉनिटरचा आवाज आला. शाळेच्या दारात रांग मोडली की ती ज्या आवाजात बोलते, तो. "इथे बघायला थांबता येत नाही. एक तर बूट काढून आत या, नाहीतर खाली तुमच्या आई बसल्यात, त्यांच्याशेजारी बसा."

"तुम्ही? त्या दिवशी तुम्हीच तर म्हणालात..."

"म्हणाले होते. मला अजूनही सगळं पटलेलं नाही. पण मध्ये उठवायचं नाही. इथला नियम आहे."

मग माझ्या डोक्याशी फोम थोडा दबला. टकळी येऊन बसली होती. तिचा श्वास कापडावर लागत होता.

"आई," ती म्हणाली, "आज आपला नंबर होता. जुळ्या आल्या, ढब्बू आला. ढब्बू बोलायचं नसताना दोनदा बोलला, तरी मी त्याला आउट दिलं नाही. मावशी म्हणते तिने ढीग नव्हता लावला, घड्या होत्या. ते मी चुकीचं खेळत होते. बाबा आज फ्रिजपाशी थोडाच वेळ उभा राहिला."

ती थांबली. मला वाटलं, संपलं.

"आणि जुळ्यांचे बाबा आलेत," ती हळूच म्हणाली. "त्यांना काय काम द्यायचं ते अजून ठरलं नाहीये."

दाराकडून लेस सुटल्याचा आवाज आला. एक बूट जमिनीवर पडला. दुसरा पडतो की नाही ते मी ऐकत होतो, पण मान उचलून बघितलं नाही. नंबर माझा होता, आणि मी हललो नाही.